जुन्या मोटारसायकलीचा आवाज : टकटक कोणती, ठकठक कोणती?

पिंपळगाव बसवंत : नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत वसलेल्या पिंपळगाव बसवंतची ओळख कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांची बाजारपेठ अशी आहे. या बाजारपेठेचा माल ट्रॅक्टर आणि ट्रकमधून हलतो हे खरे. परंतु शेत, वस्ती, बाजार समिती, बँक आणि औषधांचे दुकान यांना दिवसभर जोडून ठेवते ती मोटारसायकलच. निफाड तालुक्यातील अनेक घरांत ही मोटारसायकल पंधरा-वीस वर्षांची असते. वडिलांनी घेतलेली गाडी मुलगा चालवितो. मागे कधी टोमॅटोचा २० किलोचा क्रेट बांधलेला असतो, तर कधी दुधाची किटली. अशा गाडीच्या इंजिनातून एके दिवशी वेगळाच आवाज येऊ लागतो आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘जुनी गाडी आहे, आवाज करणारच.’ दुसरा म्हणतो, ‘इंजिन गेले, आता विकून टाका.’

दोन्ही मते घाईची आहेत. इंजिनातील काही आवाज वर्षानुवर्षे सोबत राहतात आणि कोणतेही नुकसान करीत नाहीत. काही आवाज पान्याच्या दोन फेऱ्यांत थांबतात. मात्र एखादा आवाज असा असतो, की त्याकडे काणाडोळा केल्यास इंजिन धावत्या गाडीतच पकडते, मागचे चाक जागच्या जागी जाम होते आणि महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकला थांबण्यास अवधी मिळत नाही. म्हणूनच आवाजाची पारख हा केवळ हौशी मंडळींचा विषय नाही. शिवाय चुकीच्या निदानाने विनाकारण उघडलेले इंजिन पुन्हा पहिल्यासारखे बसतेच असे नाही आणि त्याचा खर्च मात्र पुरता बसतो.

गाडी कोणती, इंजिन कोणते

ग्रामीण महाराष्ट्रातील जुन्या मोटारसायकलींचे ढोबळमानाने तीन घराण्यांत वर्गीकरण करता येते. पहिले घराणे टू-स्ट्रोक गाड्यांचे. राजदूत, येझदी आणि १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० ही त्यातील ठळक नावे. दुसरे घराणे १०० सीसी फोर-स्ट्रोक गाड्यांचे. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० रस्त्यावर आली आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर. या गाड्यांचे ९७.२ सीसीचे आडवे इंजिन मूळ स्वरूपात आजही तयार होते. हिरो आणि होंडा यांची भागीदारी संपुष्टात येऊन २०११ मध्ये हिरो मोटोकॉर्प हे नाव आले, तरी इंजिनाचा सांगाडा बदलला नाही. बजाजची बॉक्सर आणि २००१ मध्ये आलेली पल्सर यांनाही कामाच्या पद्धतीवरून याच घराण्यात बसविता येईल. तिसरे घराणे एकट्या बुलेटचे. तिच्या जुन्या बिडाच्या इंजिनात व्हॉल्व्ह पुशरॉडने उघडतात आणि गिअरबॉक्स वेगळा असतो.

हे वर्गीकरण निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह, टॅपेट वा टायमिंग चेन नसतेच. आरएक्स १०० चा ‘टॅपेट वाजतो’ असे कोणी सांगितले, तर त्या व्यक्तीच्या हाती गाडी न देणेच बरे. त्याचप्रमाणे जुन्या बुलेटमध्ये टायमिंग चेन नाही, तेथे दातेरी चक्रे आहेत. तिच्या डाव्या बाजूच्या झाकणातून येणारी खरखर बहुधा इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या प्रायमरी चेनची असते.

हिरो होंडाच्या सुरुवातीच्या जाहिरातीत, पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची ओळ होती. ती कमालीची लोकप्रिय झाली. दुर्दैवाने अनेकांनी ती ऑइललाही लागू केली आणि आज गॅरेजमध्ये उघडल्या जाणाऱ्या कितीतरी इंजिनांचे दुखणे तेथूनच सुरू झालेले असते.

ऐकण्याची रीत

आवाजाचे वर्णन करताना मराठी माणसाला शब्द कमी पडण्याचे कारण नाही. टिकटिक, टकटक, ठकठक, खरखर, घरघर, किणकिण, फटफट या प्रत्येक शब्दामागे वेगळा आघात आहे आणि अनुभवी मिस्त्री या शब्दांतला फरक जाणतात. ‘गाडी आवाज करते’ एवढेच सांगण्यापेक्षा तो आवाज कसा, कधी आणि कोठून येतो हे सांगितले, तर निम्मे काम होते.

त्यातही ‘कधी’ हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी पहिल्या किकला येणारा आवाज ऐकावा. नंतर आठ-दहा किलोमीटर चालवून, इंजिन पूर्ण तापल्यावर पुन्हा ऐकावा. थंड इंजिनात येणारा आणि तापल्यावर नाहीसा होणारा आवाज सहसा कमी धोक्याचा असतो, कारण उष्णतेने धातू प्रसरण पावून फटी भरून निघतात. याउलट थंडपणी गप्प असलेले आणि तापल्यावर बोलू लागलेले इंजिन गंभीर मानावे. ऑइल तापून पातळ झाले, की झिजलेल्या बेअरिंगमधील त्याचा पडदा फाटतो आणि धातूवर धातू आदळू लागतो.

निफाड तालुक्यात या फरकाची प्रचिती हिवाळ्यात चांगलीच येते. राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत निफाडचे नाव दरवर्षी असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. अशा पहाटे घट्ट झालेले ऑइल हेडपर्यंत पोहोचण्यास काही सेकंद अधिक घेते. तेवढा वेळ जुने इंजिन खडखडणार, हे गृहीत धरावे. पण खडखड मिनिटभरानंतरही ओसरली नाही, तर ती थंडीच्या नावावर खपवू नये. गाडी सुरू होताच जोराने रेझ देण्याची सवय मात्र थंडीत इंजिनाचा घात करते.

यानंतर भार. मोकळ्या रस्त्यावर एकट्याने चालविताना आवाज नाही, मात्र डबलसीट चढ चढताना येतो, असे घडत असेल तर लक्ष पिस्टनकडे, कनेक्टिंग रॉडकडे आणि फायरिंगकडे वळवावे. नांदुरीहून सप्तशृंग गडावर जाणारा घाट किंवा चांदवडच्या पुढील राहुड घाट ही या परिसरातील नैसर्गिक परीक्षा केंद्रेच म्हणायला हवीत. तेथे वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली, की इंजिनाला आपले दुखणे लपविता येत नाही. (असे रेटणे हे तपासणीपुरतेच, एरवी चढाला गिअर उतरविणे हेच शहाणपणाचे.)

जागा शोधण्यासाठी डॉक्टरांचा स्टेथोस्कोप लागत नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या भागावर टेकवावे आणि मूठ कानापुढील हाडाला लावावी. हेड, ब्लॉक, डावे झाकण, उजवे झाकण असे क्रमाने ऐकत गेल्यास आवाज कोठे सर्वांत स्पष्ट आहे हे कळते. चेन आणि प्लगची वायर यांपासून हात आणि कपडे दूर ठेवावेत.

आणखी एक खूण लयीची. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. इंजिन मिनिटाला १,४०० फेऱ्यांवर शांत चालत असेल, तर क्रँकशी संबंधित ठोका सेकंदाला सुमारे २३ वेळा, तर एका टॅपेटचा ठोका सुमारे १२ वेळा पडतो. हे कोणी मोजू शकत नाही. परंतु कान थोडा तयार झाला, की टॅपेटची सुटी, शिवणयंत्रासारखी लय आणि क्रँकची दाट लय यांतील अंतर जाणवते.

आधी बाहेर पाहावे

इंजिनातून येतो असे वाटणारा आवाज अनेकदा इंजिनाचा नसतोच. इंजिन फ्रेमला धरून ठेवणारा बोल्ट सैल झाला, की एका ठराविक वेगाला संपूर्ण गाडी थरथरते. साडी गार्ड, लेग गार्ड, नंबर प्लेट, चेनचे झाकण, बॅटरीची पेटी हे सारे आपापल्या वेगाला वाजतात. क्रेट आणि पोती वाहून कॅरिअरचे जोड तुटलेले असतील, तर विचारायलाच नको. गाडी सुरू ठेवून एकेक भाग हाताने दाबून धरावा. आवाज थांबला तर शोध तेथेच संपला.

सर्वांत फसवा आवाज सायलेन्सरचा. सायलेन्सरचा पाइप हेडला जेथे मिळतो तेथील गॅस्केट जळाले, तर बारीक फटीतून गॅस सुटतो आणि त्याची ‘टिकटिक’ हुबेहूब टॅपेटसारखी ऐकू येते. जोडाभोवती काळे डाग दिसतात, थंड असताना आवाज मोठा असतो. एका छोट्या गॅस्केटअभावी टॅपेट पुन:पुन्हा आवळले गेल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजात सापडतील. त्याचा परिणाम काय होतो, ते पुढे पाहू.

मागची चेन सैल किंवा कुठे घट्ट कुठे सैल झाली असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर सोडताच खडखड होते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, इंजिन बंद ठेवून ढकलून पाहावी. आवाज तरीही येत असेल, तर इंजिन निर्दोष आहे. दोष चेन, स्प्रॉकेट, ब्रेक वा चाकाच्या बेअरिंगमध्ये शोधावा.

ऑइल : पहिला उपाय, पहिला संशयित

१०० सीसीच्या इंजिनात एक लिटरही ऑइल नसते. तेवढ्यातच क्रँक, पिस्टन, कॅम, क्लच आणि गिअर या सर्वांची सोय लागायची असते. त्यातील पाव लिटर कमी झाले तरी वरच्या भागाला, म्हणजे कॅम आणि रॉकरला, झळ बसू लागते. त्यामुळे कोणताही आवाज आला, की अन्य कशालाही हात लावण्यापूर्वी ऑइल पाहावे. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी, इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटांनी मोजपट्टी पुसून पुन्हा आत सोडावी. हिरो होंडाच्या गाड्यांत ही पट्टी आटे न फिरविता नुसती टेकवून मोजायची असते. फिरवून मोजल्यास पातळी प्रत्यक्षाहून जास्त दिसते. पल्सरमध्ये पातळी पाहण्यासाठी काचेची खिडकीच दिलेली आहे.

ऑइल बदलूनही दाब अपुरा राहण्याचे एक कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हिरो होंडाच्या या इंजिनात कारसारखा कागदी फिल्टर नसतो. तळाशी जाळी आणि क्रँकच्या टोकाला गाळ बाजूला फेकणारी फिरती वाटी असते. काळ्या मातीच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे चाललेल्या गाडीत ही वाटी गाळाने गच्च भरते. उजवे झाकण उघडल्याशिवाय ती साफ होत नाही, म्हणून ती साफ केली जात नाही. क्लच प्लेट बदलण्यासाठी झाकण उघडले जाईल तेव्हा वाटी आणि जाळी साफ करण्यास आवर्जून सांगावे.

ऑइल कोणते, तर पुस्तिकेत सांगितलेले. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात; मोटारसायकलीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असल्याने तो घसरू लागतो. डब्यावर ‘जॅसो एमए’ ही खूण असल्याची खात्री करावी.

टॅपेट : गप्प बसलेला अधिक वाईट

व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये मुद्दाम बारीकशी फट ठेवलेली असते. लहान फोर-स्ट्रोक गाड्यांत ती साधारणत: ०.०५ ते ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीएवढी वा त्याहूनही कमी असते. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील प्रमाण मानावा. वापराने फट वाढली, की हेडमधून हलकी, सुटी टिकटिक येते. थंड इंजिनात ती स्पष्ट असते. गाडी चालविण्यास त्यात तातडीचा धोका नाही.

फट मोजायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी सर्वांत वर असताना आणि दोन्ही रॉकर मोकळे हलत असताना. मॅग्नेटोवरील ‘टी’ची खूण जुळवून, फिलर गेजची पट्टी हलक्या ओढीने सरकेल इतपत स्क्रू बसवायचा. गावोगावी हे काम नुसत्या अंदाजाने, तेही तापलेल्या इंजिनावर केले जाते आणि ग्राहक आवाज बंद झाला म्हणून समाधानाने घरी जातो. दुखणे येथेच सुरू होते. फट उरलीच नाही तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मिटल्यावर आपली उष्णता हेडला देऊन थंड होणे, हा व्हॉल्व्हचा विसावा. तो नाहीसा झाल्याने विशेषत: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, कॉम्प्रेशन जाते, सकाळी किक मारून पाय दुखू लागतात. किंचित वाजणारा टॅपेट परवडला. गप्प केलेला टॅपेट हेड उतरवायला लावतो.

फट योग्य असूनही टिकटिक थांबत नसेल, तर स्क्रूच्या टोकाला किंवा रॉकरच्या तोंडाला खड्डा पडला आहे का, ते पाहावे. गेजची सपाट पट्टी खड्ड्याच्या काठांवर टेकते आणि खरी फट दाखवीत नाही. कॅमच्या उंचवट्यावर ओरखडे असतील, तर ऑइल वर पोहोचत नव्हते हे निश्चित समजावे. केवळ कॅम बदलून भागणार नाही, ऑइलचा मार्गही मोकळा करावा लागेल.

जुन्या बिडाच्या बुलेटचा हिशेब निराळा. थंड इंजिनात, व्हॉल्व्ह मिटलेले असताना, पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली मात्र हलता कामा नये. तेथे गेज लागत नाही, बोटांचा अंदाजच प्रमाण.

टायमिंग चेन

हेडच्या टिकटिकीऐवजी इंजिनाच्या डाव्या अंगाने, आतून साखळी घासल्यासारखी सलग खरखर येत असेल, तर संशय टायमिंग चेनवर घ्यावा. इंजिन शांत चालताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडतानाच्या क्षणी हा आवाज वाढतो, वेग वाढला की काहीसा दबतो. चेन लांबलेली असते, तिला ताण देणारा टेन्शनर अडकलेला असतो किंवा ज्या रबरी रोलरवरून व पट्टीवरून ती धावते ते झिजलेले असतात. खर्च वाचविण्यासाठी एकटी चेन बदलण्याचा मोह टाळावा. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन लवकरच जुनी होते.

या खरखरीकडे महिनोन्‌महिने दुर्लक्ष करू नये. सैल चेनने दाता सोडला, तर व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतात. गाडी सुरू होणेच बंद होते आणि काही इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतो.

पिस्टन आणि धूर

थंड इंजिनात ब्लॉकमधून येणारी पोकळ, किंचित बसकी टकटक आणि चार-पाच किलोमीटरनंतर ती नाहीशी होणे, ही पिस्टन व सिलिंडर यांतील फट वाढल्याची खूण. वर-खाली होताना पिस्टन भिंतीवर कलतो आणि थापटतो. धूर नसेल, ऑइल कमी होत नसेल, तर अशी गाडी खुशाल चालवावी. एअर फिल्टर फाटका किंवा काढून टाकलेला असेल, तर मात्र हीच झीज काही महिन्यांत होते. कांद्याच्या हंगामातील धूळ हा सिलिंडरच्या दृष्टीने पॉलिश पेपरच आहे.

धुराची भाषा आवाजाला पूरक ठरते. निळसर धूर केवळ सकाळी सुरू करतानाच येत असेल, तर व्हॉल्व्हचे ऑइल सील गेलेले असतात. रेझ देताना सतत येत असेल, तर रिंग आणि सिलिंडर. (टू-स्ट्रोक गाडीला हा नियम लावू नये, ती ऑइल जाळतच चालते.) रिबोर करावयाचे ठरल्यास नवा पिस्टन ब्लॉकसोबत लेथवर द्यावा, म्हणजे कारागीर पिस्टनचे माप घेऊन त्यानुसार सिलिंडर कापतो. स्प्लेंडरच्या ५० मिलिमीटरच्या सिलिंडरसाठी पाव-पाव मिलिमीटरने वाढत जाणारे ओव्हरसाइज पिस्टन मिळतात. याचा अर्थ रिबोरची संधी मोजकीच असते. थोड्या झिजेसाठी ती खर्ची घालू नये. काही नव्या गाड्यांच्या सिलिंडरला आतून कठीण लेप असतो, त्यांचे रिबोरिंग होत नाही.

पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनचा आवाज तीव्र, धातूचा आणि दुहेरी असतो. आरएक्स १०० किंवा राजदूतमध्ये हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर सुट्या नाण्यांसारखी छनछन येते, ती बहुधा याच जागची. तेथील सुयांचे बेअरिंग स्वस्त असते. ते तुटून सिलिंडरमध्ये गेले तर झालेले नुकसान स्वस्त नसते.

तळातून येणारी ठकठक

ज्या आवाजासाठी गाडी तत्काळ थांबवावी, तो हा. इंजिनाच्या तळातून, क्रँककेसमधून जड, खोल ‘ठकठक’ येते. इंजिन तापल्यावर ती वाढते, चढाला वाढते, अ‍ॅक्सिलरेटर अचानक सोडला तर स्पष्ट होते आणि फूटरेस्टवर पायालाही जाणवते. कनेक्टिंग रॉडचे क्रँककडील बेअरिंग, म्हणजे ‘बिग एंड’, गेल्याचे हे लक्षण. या अवस्थेत ‘नाशिकपर्यंत तर जाऊ’ असा विचार करणे धोक्याचे आहे. बेअरिंग जाम झाले किंवा रॉड तुटला, तर मागचे चाक थबकते. अशा वेळी प्रथम क्लच दाबावा, म्हणजे चाक इंजिनापासून सुटते, ब्रेक नंतर. तळातून आवाज करणारी गाडी घरी आणण्याची वेळ आलीच, तर ती टेम्पोतून आणावी.

क्रँकच्या दोन्ही बाजूंचे बेअरिंग झिजले असेल, तर ठोक्याऐवजी घुमणारी घरघर येते. मॅग्नेटोचे चाक हाताने वर-खाली हलवून पाहिल्यास खेळ जाणवतो. धोका बिग एंडपेक्षा कमी, परंतु दुरुस्तीसाठी इंजिन दोन्हीकडे उघडावेच लागते.

ग्राहकाची फसवणूक किंवा गैरसमज सर्वाधिक होतो तो येथेच. ब्लॉक उतरविल्यावर कनेक्टिंग रॉड डावी-उजवीकडे हलवून दाखविला जातो आणि ‘पाहा, कनेक्टिंग गेले’ असे सांगितले जाते. वस्तुत: बाजूला थोडा हलण्यासाठी रॉडला जागा ठेवलेलीच असते, तसा तो नव्या इंजिनातही हलतो. पाहायचे ते वेगळे. क्रँक वरच्या टोकाला स्थिर धरून रॉड सरळ वर आणि खाली ओढावा. त्या दिशेने जरासाही ठोका जाणवला, तर बेअरिंग गेले. नाही जाणवला, तर क्रँकला हात लावण्याचे कारण नाही. हजारो रुपयांचा निर्णय या एका हालचालीवर अवलंबून असतो, म्हणून गाडीमालकाने ती स्वत: उभे राहून पाहावी. कनेक्टिंग किट बदलायचेच झाल्यास प्रेस असलेल्या आणि नंतर क्रँक दोन टोकांत धरून डायलवर तपासणाऱ्या कारखान्यातच काम द्यावे. हातोड्याने बसविलेला क्रँक किंचितही वाकडा राहिला, तर नवे बेअरिंगही फार काळ टिकत नाही.

जुन्या बुलेटच्या बाबतीत एवढे ध्यानात असावे, की तिच्या बिग एंडला रोलरऐवजी तरंगते बुश असे आणि ते सर्वस्वी ऑइलच्या पुरवठ्यावर जगते. पहाटे सुरू करून लगेच वेग देणाऱ्यांच्या बुलेटी लवकर ठोठावू लागतात, त्याचे कारण हे.

फायरिंग, क्लच आणि इतर

चढाला पत्र्याच्या डब्यात खडे हलविल्यासारखी किणकिण येते आणि अ‍ॅक्सिलरेटर कमी करताच थांबते, तेव्हा कोणताही भाग सैल झालेला नसतो. सिलिंडरमधील मिश्रण वेळेआधी वा एकदम पेट घेत असते. पिस्टनवर जमलेला कार्बन, चुकीचा प्लग, पुढे गेलेले टायमिंग किंवा हलके पेट्रोल ही त्याची कारणे. सीबी पॉइंट असलेल्या राजदूत, येझदी आणि जुन्या बुलेटमध्ये टायमिंग प्रथम पाहावे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वाढून आता २० टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉलमुळे ही किणकिण वाढत नाही, उलट ऑक्टेन वाढते. परंतु जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण काहीसे पातळ होते आणि इंजिन तापते. त्यामुळे कार्ब्युरेटरची जुळणी व रबरी नळ्या तपासून घेणे श्रेयस्कर.

उजव्या झाकणातून येणारी घरघर क्लच दाबताच थांबत असेल, तर ती क्लच हाउसिंगची किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगची असते. हाउसिंगमधील रबर वा स्प्रिंग सैल झालेल्या गाड्या अशाच वर्षे काढतात. आवाज फक्त क्लच दाबल्यावरच येत असेल, तर क्लच दाबणारे छोटे बेअरिंग बदलावे. एका विशिष्ट गिअरमध्येच येणारा आवाज त्या गिअरचा, हे वेगळे सांगायला नको.

जुनी गाडी घेताना

नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर दुचाकीची तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून एक हजार रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या दुचाकींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दोन हजार रुपये करण्यात आले. त्यामुळे मुदत संपत आलेल्या गाड्या मोठ्या संख्येने विक्रीला निघतात, आणि विकणारा आवाज लपविण्याचे दोन-तीन मार्ग जाणून असतो.

म्हणून गाडी पाहायला सकाळी, शक्यतो न कळविता जावे. सुरू करण्यापूर्वी इंजिनावर हात ठेवावा. ते कोमट लागले, तर पहिल्या किकचा आवाज आपल्याला ऐकू द्यायचा नव्हता, असे समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. मोजपट्टी काढून ऑइल बोटावर घ्यावे. ते मधासारखे घट्ट असेल, तर ठोका दाबण्यासाठी जाड ऑइल भरलेले असण्याची शक्यता आहे. ऑइलमध्ये सोनेरी वा रुपेरी चकाकणारी भुकटी दिसली, तर बेअरिंग झिजून त्यात उतरले आहे. हेडच्या नटांवरील रंग उडालेला असेल, तर इंजिन उघडले गेले होते. कोणत्या कामासाठी, कोठे आणि कोणता ओव्हरसाइज पिस्टन टाकला, हे विचारावे. शेवटच्या मापाचा पिस्टन टाकून झालेला असेल, तर पुढच्या वेळी ब्लॉक नवा घ्यावा लागणार, हे किमतीत धरावे. त्यानंतर दहा किलोमीटर गाडी चालवावी, एखादा चढ डबलसीट चढावा आणि परत येऊन इंजिन बंद न करता, बोलणे थांबवून, मिनिटभर नुसते ऐकावे.